गंधाची रेघ

करंगळी गालावर टेकवून दुर्गानं महिपतच्या डाव्या डोळ्याची कड काढली. श्वास सोडत, एका दमात. रेघ कानाच्या दिशेनं गेली आणि केसासारखी बारीक होत संपली.

"हललास तर मिशी काढीन," ती म्हणाली.

महिपत हलला नाही. तो कृष्ण होणार होता. नीळ आणि सफेदा कालवून लावलेला लेप तोंडावर वाळत होता. हसला असता तर तडे गेले असते.

राई गावच्या देवळामागं गोणपाटांचा आडोसा केला होता. ऊन अजून उतरलं नव्हतं. बाहेर पाटीवर खडूनं लिहिलं होतं, 'नमन मंडळ, भाईंदर. शिमगा १९६६.' आत मिठागरावरचे सात गडी रावण, राक्षस आणि गवळणी होऊन बसले होते. साऱ्यांची तोंडं दुर्गानं रंगवली होती. गेल्या शिमग्यापर्यंत हे काम तिचा नवरा राघो करत होता. पावसाळ्यात तो वारला. त्याची रंगांची पेटी उघडणारं मंडळात दुसरं कोणी नव्हतं.

ब्रश धरायला लागून तिला दोनच महिने झाले होते. उपड्या मडक्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर तिनं गेरूच्या रेघा ओढल्या होत्या. सुरुवातीला रेघ जाड निघायची आणि शेवटाला फाटायची. मग तिला कळलं की ब्रश दाबायचा नसतो, नेता नेता उचलायचा असतो. त्यानंतर गुडघा पुसायचं काम कमी झालं.

मंडळाचा म्होरक्या दाजी. त्यानंच तिला सांगितलं होतं, "कृष्णाचं गंध एका रेघंत उतरीव, पेटी तुझी. न्हायतर पुढल्या साली वसईचा रंगारी."

गंध नाकाच्या मुळापासून केसांपर्यंत उभं. मधे जोड चालत नाही.

दुर्गानं खारीच्या केसांचा बारीक ब्रश पाण्यात बुडवला, टोक बोटांनी जुळवलं आणि लाल रंगाच्या वाटीकडं हात नेला.

"थांब," दाजी म्हणाला.

हात वाटीवर थांबला.

"ते कुंकू हाय गो."

डिंकाच्या पाण्यात कालवलेलं कुंकू होतं. रावणाची लाली गेरूची होती, गवळणींनी आपापलं कुंकू आपणच लावलं होतं. त्यामुळं दोन महिने ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दुर्गाच्याही नाही.

"गेरू घेते मग," ती म्हणाली.

"गेरू भिंतीला. देवाच्या कपाळी कुंकूच लागतं."

"मी बोट न्हाय लावत. ब्रशानं तर काढायचंय."

"पण हात कुणाचा?"

दुर्गानं काकणं नसलेला हात मागं घेतला.

दाजीनं सगळ्यांकडं पाहिलं. मिठानं भेगाळलेले हात मांड्यांवर पडले होते. कुणी पुढं होईना.

"माझ्या हातानं गंध न्हाय, नांगराचं तास निघंल," रावण म्हणाला. मग त्यानं गवळण झालेल्या शिवदासकडं बोट केलं. "ही काय सवाशीण बसलीय की हितं. चुडा हाय, कुंकू हाय. आणखी काय पायजे?"

सगळे हसले. शिवदासनं पदर तोंडाशी धरून मान वेळावली.

दाजी हसला नाही.

"बरोबर बोलतोय तो. शिवदास, ऊठ."

हसणं थांबलं. पण नको, असंही कुणी म्हणालं नाही. शिवदास लुगडं सावरत आला आणि दुर्गाच्या हातून ब्रश घेताना म्हणाला, "वैनी, मला कसं जमंल?"

"सांग त्याला," दाजी म्हणाला.

दुर्गानं सांगितलं. हातचं काही राखलं नाही.

"करंगळी भुवईवर टेकवा. जोर देऊ नका. श्वास सोडत वर न्या. आणि मधी थांबू नका, भावोजी. थांबलात की तिथं रंग फुगतो."

शिवदासनं श्वास रोखून धरला. हातातली काकणं वाजायला लागली. अर्ध्या कपाळावर तो थांबला, दाजीकडं बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. थांबल्या जागी कुंकवाचा थेंब फुगला आणि भुवईकडं ओघळला.

महिपतनं आरशात पाहिलं. मग दुर्गाकडं पाहिलं.

"लांबनं काय कळतंय," दाजी म्हणाला. त्यानं चपला काढल्या आणि महिपतच्या निळ्या तोंडाला हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी जोडले. बाहेर मृदंग सुरू झाला.

माणसं एकेक करून आडोशाबाहेर पडायला लागली. दुर्गानं दाजीला गाठलं.

"पेटीचं काय, दाजी?"

"वसईवाल्याला सांगावा धाडतो."

"तुमी बोलला होतात."

"गंध काढलंस तर, असं बोललो होतो. तू कुठं काढलंस?"

तो बाहेर गेला.

दुर्गा बादलीजवळ बसली. एकेक ब्रश घेऊन तिनं पाण्यात हलवला, निळं पाणी, काळं पाणी ओतून टाकलं, खोबरेलाचा हात लावून टोकं सरळ केली. असे चार ब्रश पेटीत ठेवले. शिवदासनं टाकलेला पाचवा तिथंच दगडावर पडला होता.

कृष्णाचं मोरपीस आत राहिलं होतं. ते न्यायला दाजी परत आला आणि दगडाकडं बघून थबकला.

"अगो, हा बारीक ऱ्हायला की. डिंक वाळला तर केस मोडतील. उद्या भाईंदरात खेळ हाय."

दुर्गानं पेटीचं झाकण लावलं, कडी घातली.

"त्याला कुंकू लागलंय, दाजी," ती म्हणाली.