तळाशी ठेवलेली वीट

मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून धरलेली सिगारेट पोरीच्या अंगाशी आली. जीवरक्षक व्हायचं तर पोहण्याच्या तलावाच्या तळाशी ठेवलेली वीट एका बुडीत वर आणायची. आधीच्या दोन्ही परीक्षांत तिचा दम अर्ध्यावरच संपला. प्रशिक्षक मॅडमनी तिचं सिगारेटचं पाकीट जप्त केलं. “अगं, बुडणारं पोर तुझा खोकला थांबेपर्यंत वाट बघणार आहे का?” हे जिव्हारी लागलं. चार महिने तिने सिगारेटला हात लावला नाही. आज शेवटची संधी. शिट्टी वाजताच तिने सूर मारला. कानांना दडे बसले, छाती धडधडली, पण दम टिकला! टिकलाच! वीट कवटाळून ती वर उसळली, तसा टाळ्यांचा कडकडाट! बघते तर काय, विटेला तिचंच पाकीट बांधलेलं, ओलंचिंब. “पास!” मॅडम ओरडल्या. “आता पेटवून दाखव!” ती पोट दुखेपर्यंत हसली, तरी खोकला एकदाही आला नाही.