मूळ नमुना

“हा बाजारातला मासा आहे,” तज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंगाखालची बशी बगळ्यापुढे सरकवली. “तळ्यात पाळतात तो. ही नवी जात नव्हे.”

बगळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. लांबलचक पायांनी तासन्‌तास ओढ्यात उभा राहतो, म्हणून संग्रहालयात सगळे त्याला बगळा म्हणत आणि तोही हसून ओ देई. आज संचालकांनी त्याला बोलावलं होतं ते मात्र पूर्ण नावाने.

बशीत होते थोडे काटे आणि अर्धा जबडा. एवढाच त्याच्या जातीचा होलोटाइप, म्हणजे मूळ नमुना. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना नेमावा लागतो आणि मग नाव त्या नमुन्याला कायमचं चिकटतं. वर्णन तुम्ही काहीही करा. नमुना ज्या जातीचा, नाव त्या जातीचं. बगळ्याने माशाला आपल्या आईचं नाव दिलं होतं. बाईंचं म्हणणं खरं ठरलं, तर ते नाव बाजारातल्या माशाचं एक फालतू जादा नाव म्हणून उरणार होतं आणि ओढ्यातला मासा बिननावाचाच राहणार होता. दुसरा पकडून आणून दाखवावा, तर ओढा कधीच सिमेंटच्या पाइपात गेला होता.

तो मासा सापडला तो दिवस बगळ्याला कालच्यासारखा आठवत होता. संग्रहालयाला सुट्टी होती, म्हणून त्याने मासा घरी आणून मागच्या पडवीत टबात ठेवला. पंखांतले काटे मोजले, खवले मोजले, चित्र काढलं. असा मासा आजवर कोणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो जतन करायचं औषध आणायला गेला आणि परत येऊन बघतो तर टब उपडा. आई दारात उभी. मांजराने नेला, म्हणाली.

बगळा मटकन खाली बसला. तेव्हा तो हंगामी नोकरीवर होता. या माशावर त्याची सगळी भिस्त होती. काटे तरी राहिले असतील, एखादा तरी, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला उठवेना. शेवटी आईच मागच्या बोळात गेली आणि कागदात गुंडाळून हे काटे घेऊन आली. चावलेले, मोडलेले. त्याने ते पोटच्या पोरासारखे धुतले, पुसले. जे काट्यांत दिसेना ते टिपणांतून भरलं. शोधनिबंध छापून आला आणि नोकरी पक्की झाली.

“नमुन्याची बाटली बदललीय कोणीतरी,” तो आता संचालकांना म्हणाला. “छत गळायला लागलं तेव्हा सगळ्या बाटल्या वरच्या मजल्यावर हलवल्या होत्या. तेव्हाच झालं असणार.”

संचालकांनी विचारलं की, उष्टे काटे चोरून कोणाचं काय भलं होणार होतं? मग संचालकांनी आवाज खाली आणला. गाजावाजा न करता राजीनामा दे, म्हणाले. नाहीतर प्रकरण समितीपुढे जाईल आणि बनावट नमुना करणारा म्हणून तुझं नाव जगभर होईल.

बगळ्याने हात जोडले. ते काटे आईने स्वतःच्या हाताने गोळा केले होते, तिला एकदा दाखवू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. “ती सांगेल हे ते नव्हेत म्हणून. माझी आई आयुष्यात खोटं बोललेली नाही.”

संचालक नाही म्हणणार होते, पण तज्ज्ञ बाईच म्हणाल्या, “आणा त्यांना.”

घरी आई मटार सोलत होती. त्याने सगळं एका दमात सांगितलं. तिने एकच विचारलं, “नोकरी जाईल?”

“नोकरीचं सोड, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तू एवढंच सांग, हे ते काटे नाहीत.”

“आधी बघू तर दे,” आई म्हणाली आणि पदराला हात पुसत उठली.

रिक्षात तो अखंड बोलत होता. जबडा मोठा होता ना, काटे बारीक होते ना, तुला आठवतंय ना. आई बाहेर बघत बसली होती. तिला ऐकू येतंय की नाही, अशी त्याला शंका आली.

तज्ज्ञ बाईंनी तिला खुर्ची दिली आणि भिंग तिच्या डोळ्यांपुढे धरलं. आई बराच वेळ वाकून बघत राहिली.

“हेच ते,” आई म्हणाली.

“आई, नीट बघ.”

“नीटच बघितलं. बाटली कोणी बदललेली नाही. मीच आणून दिले होते हे.”

संचालकांनी उसासा टाकला. बाईंनी भिंग खाली ठेवलं. बगळा भिंतीला टेकला. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग ती बाईंकडे वळली.

“याला काही बोलू नका. याने काही खोटं केलेलं नाही,” ती म्हणाली. “मांजराने एक काटासुद्धा ठेवला नव्हता. हा लहान पोरासारखा रडत होता, म्हणून मी शेजारणीच्या खरकट्यातले वेचून आणले.”