दर शुक्रवारी नेटवर्क बंद

सौरवादळाने पृथ्वीशी संपर्क तुटला आणि नेमकी त्याच दुपारी चंद्रवस्तीच्या दवाखान्यात तिथल्याच तंत्रज्ञ अन्वर मुकादमच्या बायकोचं सिझेरियन करायची वेळ आली. वस्तीवर सर्जन नव्हता, शस्त्रक्रियेचं यंत्र होतं. ते सर्वांना खुल्या असलेल्या ओपन सोर्स सॉफ्टवेअर मार्गदर्शिकेवर चालायचं, आणि ती प्रत्येक रुग्णासाठी संगणकावर नव्याने बिल्ड करावी, म्हणजे जुळवून तयार करावी लागे.

"ताई, बिल्डला लागणारी निम्मी सॉफ्टवेअर टूल्स पृथ्वीवरून येतात," अन्वर घाईघाईने म्हणाला.

"यायची!" दवाखान्याच्या संगणकांची प्रमुख शाल्मली केळुसकर खेकसली. "म्हणून तर दर शुक्रवारी नेटवर्क तोडून बिल्ड करायला लावते. ज्या टूलवाचून अडलं, ते नेमक्या त्याच व्हर्जनमध्ये इथे आणून ठेवलं. तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर कोणाची असायची?"

अन्वरने मान खाली घालून बायकोच्या तपासण्यांची माहिती संगणकात भरली. शुक्रवारी अडलं तर नेटवर्क पुन्हा जोडता यायचं; आज ती सोय नव्हती. शाल्मलीने बटण दाबलं. एकेक टूल वस्तीतल्याच साठ्यातून उचललं गेलं. बिल्ड कुठेच अडला नाही. काचेपलीकडे यंत्राचे हात हलले.

थोड्याच वेळात बाळाचं खणखणीत रडणं ऐकू आलं. अन्वर डोळे पुसत हसला.

"ताई, या शुक्रवारी नेटवर्क मी तोडणार."