घंटा, लोखंडी, नग एक

“नंबर शाळंत हाय, सायेब,” लालासाहेब म्हणाले.

पासिंगचे इन्स्पेक्टर टँकरखाली वाकले होते. ते सरळ झाले आणि लालासाहेबांकडे बघत राहिले. चासीवर नंबर नसलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. नंबर शाळेत घातलेली ही पहिलीच.

लालासाहेब पलटणीतून निवृत्त झालेले. जत तालुक्यातल्या त्यांच्या गावाला पाणी आणणारा टँकर त्यांचाच, आणि वयानं तो सरपंचापेक्षा थोर. डिसेंबरात गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती तडकली, आणि तिला धरणारी चासीची उजवी बाजूही. सांगलीच्या बाहुबली वेल्डरनं दोन्हीकडं काम काढलं. तडा बोटभर होता, त्यानं कापलं हातभर. अर्धवट काम त्याला पटत नाही. नवं लोखंड बसवून आतून-बाहेरून जाड पट्ट्या मारल्या. गाडी अशी दणकट झाली की लालासाहेबांनी तिला सॅल्यूट ठोकला.

चासीचा कापलेला तुकडा भंगारात घालायला त्यांचं मन होईना. हातोडीनं वाजवून बघितला, तर नाद सुरेख. सव्वीस जानेवारीला त्यांनी तो गावच्या शाळेला घंटा म्हणून भेट दिला, भाषणासकट. चासीचा नंबर त्याच तुकड्यावर आहे, हे भाषणात आलं नाही.

“म्हणजे कायद्यानं गाडी तो तुकडा,” इन्स्पेक्टर म्हणाले. “हे बाकीचं नुसतं लोखंड. आठ दिवसांत तुकडा जागेवर दिसला नाही तर टँकर बंद.”

टँकर बंद म्हणजे गावाचं पाणी बंद. तसं ते चालू असतानाही भरवशाचं नव्हतं. टँकर कधी पहाटे यायचा, कधी बायका रानात गेल्यावर, कधी परवा. कुणी विचारलं की पलटणीत दोन-दोन दिवस घोटभर पाण्यावर कसे काढले, ते लालासाहेब सांगत बसायचे.

मुख्याध्यापिका संयोगिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जडवस्तू रजिस्टर उघडलं. ‘घंटा, लोखंडी, नग एक.’ नोंद झालेली वस्तू शाळेबाहेर जायची तर ती रजिस्टरातून कमी करायला निर्लेखन समिती बसावी लागते. ती मागे एका मोडक्या खुर्चीसाठी बसली होती. त्याला नऊ वर्षं झाली. खुर्ची अजून चौथीच्या वर्गात आहे.

तोच नंबर नव्या पट्टीवर ठोकून देतो, असं सोबत आलेला बाहुबली म्हणाला. लालासाहेबांनी त्याला नजरेनंच गप्प केलं. मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“बाई, गाडी गेली तर म्या दिवसभर करू काय? मंडळी घरात बसू द्यायची न्हाईत.”

बाईंनी नोंद पुन्हा वाचली. बोट ठेवून वाचली.

“घंटा शाळेच्या वेळेला वाजली पाहिजे,” त्या म्हणाल्या. “ती कशाला टांगायची, ते यात लिहिलेलं नाही.”

त्याच दिवशी बाहुबलीनं तुकडा चासीच्या उजव्या बाजूला, नव्या पट्टीवरच, बोल्टांनी जखडला. इन्स्पेक्टरांनी कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि नंबराचा छाप घेतला. गाडी पास झाली.

एकच अडचण निघाली. टाकी भरलेली असली की घंटा नुसती ठप्प करते, रिकामी झाली की टण्ण वाजते. त्यामुळं टँकर आता रोज दहाला गावात हजर असतो. आधी पाणी सोडतो, मग साडेदहाला शाळा भरते. संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच, कारण शाळा सुटायलाही घंटा लागते. संयोगिताबाई घड्याळ बघत फाटकात उभ्या असतात. लालासाहेब टँकर घेऊन धावत-पळत येतात आणि आल्या आल्या पाण्याचा पाइप उतरवतात. दोन महिन्यांत एक खेप चुकलेली नाही.

मे महिन्याची सुट्टी रद्द करावी, असा अर्ज गावातल्या बायकांनी परवा शाळेला दिला. खाली एकशे बारा सह्या आहेत, पहिली लालासाहेबांच्या मंडळींची.