घरी मांडता तसं

फिलिपीन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका शाळेत अर्लीनचा शेवटचा सराव पाठ होता. विषय गृहविज्ञान, घटक जेवणाचं टेबल मांडणं. कॉलेजात शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या फेलिसिदाद मॅडम गुण द्यायला मागच्या बाकावर बसल्या होत्या. "शिकवणं मुलांच्या घरापासून सुरू होतं," असं त्या नेहमी सांगायच्या. अर्लीनला ते इतकं पटलं होतं की तिने आणलेला तक्ता तसाच गुंडाळून ठेवला.

"पुस्तकातलं टेबल नको," ती मुलांना म्हणाली. "तुम्ही घरी मांडता तसं मांडा."

सहावीतली लिझेल पुढे आली. तिने तीन ताटल्या मांडल्या, मधोमध भाताचं भांडं ठेवलं. चौथ्या खुर्चीसमोर मात्र ताटली न ठेवता पाण्याचा पेला ठेवला आणि त्याला टेकवून आपला मोबाईल उभा केला.

"अगं, जेवताना मोबाईल कशाला?" अर्लीन हसत म्हणाली.

"ती आई आहे, मॅडम. हाँगकाँगला एका घरी कामाला असते. तिकडची मुलं जेवली की मग आमच्याबरोबर बसते."

वर्गात कोणीच हसलं नाही. मागच्या बाकावर मॅडमचं पेन थांबलं.

"छान मांडलंस हं," ती कशीबशी म्हणाली. "कोणी शिकवलं?"



"आईनेच. जायच्या आधी ती याच वर्गावर गृहविज्ञान शिकवायची."