पुढचा डाव

"लीग आली की तुमचं कोर्ट गेलं म्हणून समज," असं मोठ्या जावेने तिला फोनवर बजावलं होतं. जावेच्या शहरात लीग वर्षभर आधीच पोचली होती. पण जाऊबाईंना कशातच काही चांगलं दिसत नाही, असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. उलट आपल्या शहराचाही बास्केटबॉलचा संघ निघणार म्हणून तिला कोण आनंद झाला होता.

आणि आज सकाळी संघाचा मॅनेजर बाहेरचे बूट घालून कोर्टाच्या मधोमध उभा होता.

बोलायला गोड माणूस. लीग यंदा नव्या शहरांत जातेय, त्यात आपला नंबर लागला हे केवढं भाग्य, हे त्याने आधी सांगून घेतलं. मग हळूच म्हणाला की आजपासून हा हॉल संघाच्या सरावाला दिलाय, परवानग्या झाल्यात, तुम्ही बायकांनी आपली दुसरी सोय बघा. पहिल्या सामन्याचे फुकट पास मात्र नक्की, अगदी पुढच्या रांगेतले. त्याच्यामागे संघाच्या पाच मुली बॅगा खांद्याला लावून ताटकळत होत्या. एकेक अशी उंच, की त्यांच्याशी बोलायचं तर मान मोडायची.

इकडच्याही पाचच. बस चालवणाऱ्या काकू, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, रात्रपाळी उरकून थेट येणारी नर्स आणि ती. खेळताना तिचा एक डोळा चेंडूवर आणि एक बाकाशेजारच्या बाबागाडीवर, म्हणून इथे तिला सगळ्या कावळी म्हणत. बाळ झाल्यापासून तिचा दिवस ज्याने त्याने वाटून घेतला होता. तिचा म्हणावा असा सकाळचा हा एकच तास उरला होता. दुसरी सोय म्हणजे घरी बसणं, हे पाचही जणींना न सांगता कळलं.

काकूंनी चेंडू काखेत मारला. "इथे कोर्ट मागून मिळत नाही, साहेब. खेळून घ्यावं लागतं. या हॉलची रीतच आहे तशी."

संघाच्या मुलींनी हसू दाबलं. नर्सने त्यांना धीर दिला, घाबरू नका, आम्ही लागेल असं खेळत नाही. मॅनेजरने घड्याळाकडे बघितलं आणि रीत तर रीत म्हणाला. आधी अकरा बास्केट करेल त्याचं कोर्ट. आटपा लवकर.

खेळ कसला, धुलाईच ती. पास डोक्यावरून जात होते, आणि चेंडू आपल्या हातात होता हे तो गेल्यावर कळत होतं. काकू उडी मारून खाली आल्या त्या गुडघ्यावर. उठल्या, काही झालं नाही म्हणाल्या आणि लंगडत पुन्हा आडव्या उभ्या राहिल्या.

मध्यरेषेपाशी लाकडी जमिनीची एक फळी मेलेली आहे. तिच्यावर चेंडू उसळत नाही. संघातली सगळ्यांत उंच मुलगी ड्रिबल करत नेमकी त्या फळीवर आली. चेंडू बसला तो बसलाच, आणि कावळीने तो झडप घालून पळवला. रिंगपाशी पोचेपर्यंत ती मुलगी दोन ढांगांत पुढे येऊन हात पसरून उभी. तेवढ्यात बाबागाडीतून बाळाने गळा काढला. कावळीला जागच्या जागी पान्हा फुटला, शर्ट भिजला. उंच मुलीचे हात आपोआप खाली आले.

"ताई, बाळ रडतंय."

"ऐकतेय," कावळी म्हणाली आणि तिच्या डोक्यावरून चेंडू सोडला. तो रिंगला न शिवता आत गेला.

त्यांचं बास्केट ते एवढं एकच.

डाव संपल्यावर मॅनेजरने दिलदारपणे टाळ्या वाजवल्या, पास पुढे केले आणि दाराकडे हात दाखवला. कावळीने बाळाला उचललं, ओढणीआड पाजायला घेतलं आणि कोर्टाच्या कडेच्या रेषेवर मांडी घालून बसली. तिच्या शेजारी दोघी बहिणी बसल्या, नर्स बसली, आणि भिंतीला धरून धरून काकूही टेकल्या.

"पुढचा डाव आमचा," कावळी म्हणाली.

हे काय नवीन, असं मॅनेजरने विचारलं. नवीन काही नव्हतं. हरणाऱ्यांनी रेषेवर बसायचं, आणि दुसरं कुणी आव्हान द्यायला नसेल तर पुढचा डाव त्यांचा. तो झाल्याशिवाय कोर्टावर दुसरं काही चालत नाही. रीत तर रीत म्हणालात ना, मग अर्धीच कशी घेता, असं धाकट्या बहिणीने त्याला ऐकवलं.

"अहो, पण तुम्ही परत हराल."

"हरू की," कावळी बाळाची पाठ थोपटत म्हणाली. "तुम्ही किती वेळा जिंकणार, ते बोला."

मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. उंच मुलगी खाली वाकून बुटाची नाडी आवळायला लागली. तिच्या मैत्रिणी तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही बॅगा पुन्हा भिंतीशी ठेवल्या.

दुसऱ्या डावात या पाच जणींची तीन बास्केट झाली.

अजून त्या तिथेच आहेत. हॉल कुठला म्हणून विचारू नका, तुमच्या घराजवळचाही असेल. त्या बाजूने गेलात तर आत डोकावून बघा. रेषेवर एक पाय लांब करून काकू बसलेल्या दिसतील. गुडघा टम्म सुजलाय. विचारलंत तर काही झालं नाही म्हणतील. त्यांचं ऐकू नका, जाताना बर्फ घेऊन जा.