समोरची खुर्ची

"सर, ओली चड्डी डोक्यावर ठेवून तुम्ही मला अख्ख्या शाळेसमोर उभं केलंत! कसले मास्तर तुम्ही?"

भास्कर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर तुटून पडला होता. तिथं तुमचे लहानपणीचे सर बसलेत असं समजा, हे समुपदेशक बाईंनीच सांगितलं होतं.

"आता तिकडं बसा. सर होऊन उत्तर द्या," बाई म्हणाल्या.

तो बसला आणि बोट उगारून गरजला, "लाज काढल्याशिवाय कार्टी सुधरत नाहीत!"

अन् जागच्या जागी थिजला. परवा पोरीची ओली चादर तिच्या मैत्रिणींसमोर नाचवताना तो अस्संच ओरडला होता.

बाईंनी त्याच्या मघाच्या खुर्चीकडे पाहिलं. "तिथं आता कोण बसलंय?"

"माझी पोर." त्यानं उगारलेलं बोट खाली घेतलं. "विचारतेय, बाबा, माझी लाज का काढलीत? बोला ना!"